मीठ, भात आणि शवासन : गोळीविना रक्तदाब उतरवण्यामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कोणाला रक्तदाबाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : गोळी सुरू करावी लागेल का, आणि एकदा सुरू झाली की ती जन्माची का? याच प्रश्नातून लसणाच्या पाकळ्या, शेवग्याचा रस, अनशापोटी गरम पाणी अशी सल्ल्यांची रीघ लागते. औषधाशिवाय रक्तदाब कमी करण्याच्या प्रयत्नांना मात्र गोळ्यांपेक्षाही जुना आणि लेखी नोंद असलेला इतिहास आहे. तो पाहिल्यावर यातले काय कसोटीला उतरले आणि काय केवळ ऐकीव राहिले, हे बरेच स्पष्ट होते.

रक्तदाब मोजणे ही गोष्टच तुलनेने नवी आहे. इटलीतील रिवा-रोच्ची यांनी 1896 मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी वापरून मापन सोपे केले, आणि रशियातील कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये धमनीवर नळी ठेवून आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. गावच्या दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोप लावला जातो, ती हीच पद्धत. मापन हाती येताच कारणांचा शोध सुरू झाला. फ्रान्समधील आंबार आणि बोझार यांनी 1904 मध्येच मीठ आणि वाढलेला रक्तदाब यांचा संबंध मांडला. मीठ पाण्याला धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो आणि तो ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, ही त्यामागची ढोबळ यंत्रणा. पुढे त्यात मूत्रपिंडांचा वाटा किती मोठा आहे तेही कळत गेले.

तेव्हा प्रभावी औषध जवळजवळ नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या रक्तदाबावर अखेरच्या वर्षी विश्रांती आणि कमी मिठाचा आहार यांपलीकडे डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 नोंदवला गेला. याच काळात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर भात, फळे आणि साखर एवढ्यावरच रुग्णांना ठेवत होते. एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीला दोन आठवड्यांनी परत बोलावले असताना सांगण्यातल्या गैरसमजामुळे ती दोन महिने हा आहार घेत राहिली आणि परतली तेव्हा तिची प्रकृती थक्क करण्याइतकी सुधारली होती. केम्पनर यांचा मोठा शोध असा अपघाताने हाती लागला. भात रोज खाणाऱ्या आपल्या भागाला ही हकीकत आवडण्यासारखी आहे, पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या ताटात मीठ जवळजवळ नव्हतेच आणि प्रथिनेही अत्यल्प होती. फरक पडला त्याचे मोठे श्रेय या बिनमिठाच्या ताटाला जाते, तांदळाच्या कोणत्या गुणाला नव्हे. तो आहार इतका बेचव होता की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तो निभावणे कठीण होते. 1958 मध्ये लघवीवाटे मीठ बाहेर काढणारे क्लोरोथायझाइड हे औषध आल्यावर त्याची निकड ओसरली. म्हणजे गोळीनेही आधी तेच केले, जे आहार करत होता.

भारतातला धागा वेगळा आहे. रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळावर 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले होते, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 50 रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि 1952 मध्ये त्या मुळातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे केले गेले. ते जगभर वापरले गेले आणि काही रुग्णांमध्ये गंभीर नैराश्य आणते हेही लवकरच दिसले. वनस्पतीचे म्हणून निर्धोक, हा समज सोडून देण्यास एवढा एक दाखला मला पुरेसा वाटतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मुळ्यांची माहिती असणारी जाणती माणसे आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

शवासनाची कथा अधिक आश्वासक आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी 1969 मध्ये 47 रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी 1973 पासून हाच धागा पुढे नेला आणि 1975 मध्ये तुलनेचा गट ठेवून परिणाम तपासला. हे अभ्यास छोटे होते. तरीही योगाचा दावा श्रद्धेवर न सोडता तो मोजून पाहण्याची सुरुवात त्यांनी केली, हे मोलाचे आहे.

आहाराचा सर्वांत भक्कम पुरावा 1997 मध्ये डॅश या अमेरिकी प्रयोगातून आला. 459 जणांपैकी ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूधदुभते यांवर भर दिल्यामुळे नेहमीच्या अमेरिकी आहाराच्या तुलनेत सुमारे 11 ने उतरला, आणि तोही मीठ न बदलता. मीठही कमी केल्यास आणखी उतार मिळतो, हे 2001 च्या पुढच्या प्रयोगाने दाखवले. चीनमधील 600 खेड्यांत 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये समोर आले; मात्र असे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये. वजन घटवल्यास साधारण किलोमागे एक अंक उतरतो. चालणे आणि दारू आवरणे यांचाही उपयोग होतो. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात मिश्रीची सवय असलेल्या स्त्रियांना, त्यातल्या निकोटिनने दाब चढतो, हे निराळे सांगावे लागते.

हे सारे आपल्या ताटाशी ताडून पाहिले की गाठ मिठाशीच पडते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, मीठ सुचवते. आपली ज्वारीची भाकरी बहुधा बिनमिठाचीच असते, ही जमेची बाजू. पण तिच्यासोबत ठेचा, लोणचे, सांडगी मिरची, पापड आणि घाटाखालून येणारी खारवलेली मासळी येते. त्याहून नजरेआड राहणारी गोष्ट चटणीची. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची डंकावर कुटताना वर्षभर टिकावी म्हणून चटणीत मीठ घालतात, आणि तीच चटणी आमटीत पडल्यावर वरून पुन्हा चवीपुरते मीठ पडते. एकच चव दोनदा मोजली जाते, आणि घरातल्या कोणालाही आपण मीठ जास्त खातो असे वाटत नाही. कुटायच्या वेळीच चटणीतले मीठ वगळले आणि तिखट कोरडे व हवाबंद ठेवले, तर आमटीत पडणारे मीठ एकाच हाताने, एकदाच घातले जाईल. जिभेला कमी मिठाची सवय लागायला काही आठवडे जातात, आणि गोळी चालू असलेल्यांनी या काळात ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडे दाब तपासत राहावे, म्हणजे मात्रा कमी करता येते का ते त्यांनाच ठरवता येईल.