बेबी गेट मागवताय? माप तीन ठिकाणी घ्या

“जिन्याला गेट हवंय, माप 36 इंच, उद्या बसवून द्या.” असे फोन आम्हा बेबी गेट (बाळाला जिन्यापाशी किंवा दारात अडवणारं छोटं फाटक) बसवणाऱ्यांना रोज येतात. माप कुठे घेतलं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “भिंतीच्या मधोमध.” घोळ तिथेच होतो. मध्ये 36 भरतात, पण खाली दोन्ही बाजूंना स्कर्टिंगची फरशी अर्धा-अर्धा इंच पुढे आलेली असते. जमिनीलगत उरतात 35. कारागीर गेट घेऊन येतो, ते खाली अडकतं आणि तसंच परत न्यावं लागतं. पुन्हा तीन-चार दिवस जातात, आणि रांगणारं बाळ काही तोवर थांबत नाही.

म्हणून टेप तीन ठिकाणी धरा: स्कर्टिंगला लागून, मध्ये, आणि 30 इंच उंचीवर. तिन्ही आकडे लिहा आणि फोटोसह व्हॉट्सॲप करा. एका बाजूला रेलिंगचा गोल खांब असेल तर तोही फोटोत दिसू द्या, त्याला वेगळा क्लॅम्प लागतो. भिंत विटेची की नव्या इमारतीतल्या हलक्या ब्लॉकची, तेही सांगा. ब्लॉकमध्ये स्क्रूसाठी भोकात ठोकायचा साधा प्लग धरत नाही.

जिन्याच्या वरच्या तोंडाशी आम्ही फक्त स्क्रूचं गेट बसवतो. “भिंतीला भोकं नकोत, दाबावर बसणारंच द्या,” असा आग्रह पुष्कळ जण धरतात. ते, म्हणजे दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळून भिंतींमध्ये दाबून बसवायचं गेट, स्वयंपाकघराच्या दाराला उत्तम. पण त्याची खालची पट्टी उंबऱ्यासारखी आडवी राहते, बाळ कडेवर असताना तिला पाय अडखळला तर पुढे थेट पायऱ्या. शिवाय मूल रोज धक्के देतं, तसे बोल्ट सैलावतात. त्यामुळे ऑर्डर गेली तरी चालेल, तिथे ते देत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. घर सोडताना भोकं आम्ही पुट्टीने बुजवून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि गेट पायऱ्यांवर नाही, आतल्या बाजूला उघडलं पाहिजे.

आडव्या दांड्यांचं गेट म्हणजे मुलाला शिडीच, म्हणून आमच्याकडे सगळ्या दांड्या उभ्या. चौकटी-चौकटींची जुनी घडीची जाळीही ठेवत नाही, तिच्यात बोटं चिमटतात, डोकं अडकू शकतं.

दाबाचं गेट खोक्यातून काढलं की कडी आणि चौकट यांच्यात फट दिसते. ते वाकडं आलेलं नसतं! बोल्ट आवळले की फट मिटते. परत पाठवण्याआधी एक फोन करा.

बाळ साधारण 6 महिन्यांचं झालं की ऑर्डर द्या. माप घ्यायला आम्हीही येतो. त्याचे 200 रुपये गेटच्या बिलातून वजा होतात. गेट कायमचं नसतं: युरोपातलं अशा गेटांसाठीचं ईएन 1930 क्रमांकाचं सुरक्षा मानक 2 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे. त्याआधीच मूल गेटवर चढू लागलं, तर गेट लगेच काढा. कळवलंत तर काढायला आमचा माणूस येईल.