परतीच्या विमानाआधीचा शेवटचा दिवस (एकट्याने फिरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

तिकीट आम्ही काढून देतो, व्हिसाचे कागद बघून देतो, हॉटेलं बुक करतो, आणि मग मधले सगळे आठवडे तुम्ही तुमचं मस्त निभावता, आम्हाला फोनसुद्धा येत नाही. फोन येतो तो शेवटच्या दिवशी, तोही एअरपोर्टवरून आणि घाबऱ्याघुबऱ्या. म्हणून हे पत्रक. एकटं फिरताना "पासपोर्ट घेतलास का?" असं विचारणारं बरोबर कुणी नसतं, आणि इतके दिवस सगळं सुरळीत झाल्यामुळे आपणही जरा सैल पडलेलो असतो, नेमकी तिथेच पंचाईत होते.

आमचं म्हणणं थोडक्यात एवढंच की शेवटचा दिवस फिरायचा दिवस म्हणून धरूच नका. तो कामाचा दिवस आहे. कामं उरकली आणि वेळ उरला तर खुशाल फिरा, पण उलटं करू नका.

तारीख बघा, मग परत बघा

सगळ्यात जास्त फजिती रात्री १२ नंतरच्या विमानाने होते. तिकिटावर समजा १४ तारीख आणि वेळ ००:४० असेल तर तुम्हाला १३ तारखेला संध्याकाळीच एअरपोर्टला निघायचंय. हे वाचताना सोपं वाटतं, पण डोक्यात "आपलं विमान १४ ला आहे" एवढंच बसलेलं असतं. आमच्याकडच्या एक काकू, एकदम टापटीप, सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावलेले, त्यांनी हॉटेल १४ च्या सकाळपर्यंत घेतलेलं आणि १४ ला दिवसभर बाजार फिरायचा बेत केलेला. १३ ला दुपारी सहज मेसेज केला की उद्या रात्री निघते, म्हणून कळलं, नाहीतर विमान त्यांच्याशिवाय गेलं असतं. तेव्हा आदल्या दिवशीच फोनमध्ये विमानाच्या वेळेचा नाही, हॉटेलमधून निघायच्या वेळेचा अलार्म लावा, शेजारी वारसुद्धा लिहा.

मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात असाल तर त्या पहाटे घड्याळ एक तास हलतं. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही.

आणि एअरपोर्ट कुठला तेही बघा. इस्तंबूलला दोन आहेत, त्यातला सबिहा गोक्चेन पार आशियाच्या बाजूला. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुएंग, टोकियोला हानेदा आणि नारिता, यातला नारिता शहरापासून ६० किमीच्या आसपास लांब. लंडनला तर विचारूच नका. येताना एका एअरपोर्टवर उतरलात म्हणून जाताना तोच असेल असं अजिबात नाही. टर्मिनलचंही तसंच, तिकिटावर लिहिलेलं असलं तरी त्या दिवशी सकाळी एअरलाईनच्या ॲपवर एकदा बघून घ्या.

इंटरनॅशनल विमानाला साधारण तीन तास आधी पोचा. बऱ्याच एअरलाईनचं बॅगा घेणारं काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं, काहींचं त्याच्याही आधी, आणि बंद म्हणजे बंद, समोर माणूस बसलेला दिसत असला तरी तो बॅग घेत नाही.

व्हिसाचे दिवस

लांब ट्रिपवाल्यांसाठी हे महत्त्वाचं. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टिकरवर दोन गोष्टी असतात, व्हिसा कधीपर्यंत चालेल ती तारीख, आणि प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल तो आकडा. लोक तारीख बघतात, आकडा विसरतात. शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यातही तुमच्या व्हिसावर कमी लिहिले असतील तर तेवढेच, शिवाय आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही पूर्ण धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी कॉम्प्युटरची नोंद सुरू झालीये, त्यामुळे दिवस मोजायला आता माणसाची गरज नाही, मशीनच मोजतं. शेवटच्या परवानगीच्या दिवशीचं रात्रीचं विमान आम्ही शक्यतो देतच नाही, कारण इमिग्रेशनला पोचेपर्यंत १२ वाजून गेले की तारीख बदलली, मग समजावत बसा.

बॅग

वजनाचा काटा शोधा. हॉटेलच्या रिसेप्शनला विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. नसेल तर हातात धरायचा छोटा काटा आधीच घेऊन ठेवा, एकदा घेतला की कायम कामाला येतो. इतक्या आठवड्यांत किडूकमिडूक साठून साठून बॅग किती जड झाली हे आपल्या लक्षात येत नाही कारण आपण ती रोजच ओढत असतो. २३ किलोची मर्यादा असेल आणि बॅग २६ भरली तर काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून, मागे लाईन लावलेली, स्वेटर अंगावर चढवत बूट हातात घेऊन बसायची वेळ येते, आणि एकटे असाल तर "जरा धर ना" म्हणायलाही कुणी नाही. जास्तीचे पैसे भरायची तयारी असली तरी एकच बॅग ३२ किलोच्या वर साधारण कुणीच घेत नाही, उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी ती मर्यादा असते, तेव्हा अशा वेळी दोन बॅगा करा. जास्तीचं वजन आदल्या दिवशी ऑनलाईन विकत घेतलं तर बहुतेक वेळा काउंटरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) विचारावं लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाईनची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. आता वॅट-अवर कसे काढायचे, तर पॉवर बँकेवर छापलेला एमएएचचा (mAh) आकडा भागिले १००० गुणिले ३.७. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवर, चालते. पण तिच्यावरचा छापील आकडा घासून पुसून गेला असेल तर सिक्युरिटीवाला ती काढून घेऊ शकतो, त्याला कशी पटवणार? विमानात ती वापरायलाही हल्ली बऱ्याच एअरलाईन मनाई करतात, म्हणून फोन एअरपोर्टवरच फुल चार्ज करून घ्या.

हातातल्या बॅगेत लिक्विडची बाटली १०० मिलीपर्यंतच, हे सगळ्यांना माहीत असतं. काही एअरपोर्टवर नवीन स्कॅनर आल्यामुळे तिथे हा नियम सैल झालाय, पण मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या दुसऱ्या एअरपोर्टचा नियमही लागू होतो. ड्युटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत देतात ती घरी पोचेपर्यंत फोडू नका, पावतीही आतच राहू द्या.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू, शंख, प्रवाळ, जुन्या वस्तू असलं काही आठवण म्हणून भरलं असेल तर काढून ठेवा. इटलीच्या सार्डिनिया बेटावरून वाळू नेली तर ५०० ते ३,००० युरो दंड आहे, एका बाटलीभर वाळूसाठी! आणि कुणी कितीही गोड बोलून "एवढं पाकीट तिकडे पोचवाल का" म्हणालं तरी नाही म्हणायचं, एकट्या माणसालाच हे जास्त विचारलं जातं.

टॅक्स परत मिळतो तो

युरोपात खरेदी केली असेल आणि दुकानातून टॅक्स फ्रीचा फॉर्म घेतला असेल तर हे नीट वाचा, इथे लोक हमखास पैसे सोडतात. किमान खरेदीची रक्कम देशागणिक वेगळी, फ्रान्सला १०० युरोच्या वर, इटलीला ७० च्या वर, जर्मनीला ५० च्या वर. फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का, किंवा फ्रान्ससारख्या ठिकाणी मशीनवर स्कॅन, हे युरोपियन युनियन सोडताना करायचं असतं. गोम अशी की अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो, आणि तुमची बॅग तर काउंटरवरून केव्हाच आत गेलेली असते. म्हणून वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर आधी कस्टम्स, मग बॅग द्या, काउंटरवर तसं सांगा, ते टॅग लावून बॅग परत देतात. वस्तू हातातल्या बॅगेत असेल आणि मध्ये दुसऱ्या युरोपियन युनियनच्या देशात विमान बदलत असाल तर शिक्का तिथे, म्हणजे शेवटच्या देशात. वस्तू न वापरलेली हवी, नवीन जॅकेट घालून रांगेत उभे राहू नका. यासाठी एक तास जास्तीचा धरा. ब्रिटनमध्ये दुकानातून घेऊन जायच्या खरेदीवरचा हा परतावा २०२१ पासून बंदच झालाय (नॉर्दर्न आयर्लंड सोडून), तिथे शोधत बसू नका.

उरलेले पैसे आणि कार्डं

नोटा बदलून मिळतात, नाणी जवळपास कुठेच घेत नाहीत. म्हणून शेवटचे दोन दिवस चिल्लर आधी खर्च करा. तरी उरलीच तर काही एअरलाईन विमानात युनिसेफसाठी पाकीट फिरवतात, १९८७ पासून चालू आहे हे, त्यात टाका.

मेट्रोच्या कार्डातले पैसे परत मिळतात पण कुठेही नाही. टोकियोत घेतलेलं सुइका घ्या, त्याचं ५०० येन डिपॉझिट जेआर ईस्ट या तिथल्या रेल्वे कंपनीच्या काउंटरवरच मिळतं, तुम्ही परत ओसाकावरून उडत असाल तर तिथे मिळणार नाही. पण ते कार्ड शेवटच्या वापरापासून १० वर्षं चालतं, परत जायचा विचार असेल तर ठेवून द्या सरळ.

दुकानात किंवा हॉटेलात मशीन विचारतं की तुमच्या देशाच्या पैशात बिल करू का, नेहमी तिथलंच चलन निवडा, दुसऱ्या पर्यायात रेट खराब असतो. हॉटेलने कार्डावर डिपॉझिट अडकवलं असेल तर निघताना फायनल बिल हातात घ्या, अडकलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात, त्यात लगेच घाबरून फोन करू नका.

एकट्यासाठीच्या चार गोष्टी

घरचं सिमकार्ड कुठंय ते आज बघा. लांब ट्रिपमध्ये ते काढून कुठल्यातरी कप्प्यात ठेवलेलं असतं आणि बँकेचा ओटीपी नेमका त्यावरच येतो. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढा, आणि एक कागदी प्रतही ठेवा, फोन बंद पडला तर दुसरा फोन बरोबर नसतो आपल्याकडे. विमान रात्रीचं असेल आणि रूम सकाळी सोडायची असेल तर बॅग रिसेप्शनला ठेवा, पण पासपोर्ट, औषधं, चार्जर तिच्यात नाही, ते अंगाबरोबर. रूम सोडताना तिजोरी, बाथरूमचा हुक, उशीखाली आणि भिंतीतलं प्लग सॉकेट या चार जागा बघायच्या, लोकांच्या वस्तू बहुतेक इथेच राहतात.

स्कूबा डायव्हिंग शेवटच्या दिवशी नाही म्हणजे नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी कमीत कमी १८ तास मोकळे हवेत, आम्ही तर अख्खा दिवस सोडा म्हणतो. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे दुखण्यापासून ते अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं.

आणि हो, त्या दिवशी मन जरा विचित्र होतं. घरी जायची घाईपण असते आणि पाय पण निघत नाही, इतके दिवस कुणाला न विचारता उठायचं-बसायचं याची सवय लागलेली असते. यादीतलं राहिलेलं एखादं म्युझियम धावतपळत उरकण्यापेक्षा या ट्रिपमध्ये आवडलेल्या जागी परत जाऊन तासभर बसा, रस्ता माहीत असतो त्यामुळे चुकायची भीती नाही आणि वेळेवर परतताही येतं.

उतरल्यावर

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर बॅगा येतात त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी एअरलाईनच्या डेस्कवर तक्रार लिहून नंबर घ्या. माँट्रियल कराराप्रमाणे (विमानप्रवासाचा आंतरराष्ट्रीय करार) मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते, त्यानंतर कुणी दाद देत नाही. बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेचा टॅग तोपर्यंत फेकू नका, त्याचा फोटो आम्हाला पाठवा, पुढचा पत्रव्यवहार आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.