मिन्समीरचा वसंत

मिन्समीर हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात डनिच आणि साइजवेल या गावांच्या दरम्यान वसलेले पाणथळ अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे 1,000 हेक्टर. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स (आरएसपीबी) ही संस्था 1947 पासून त्याची देखभाल करते. सुरुवातीला जागा भाडेपट्ट्याने घेतलेली होती, 1977 मध्ये ती विकत घेण्यात आली. बोरूचे बन, ओली कुरणे, मचूळ पाण्याची उथळ तळी, खुरट्या झुडपांचे माळ, रान आणि गोट्यांचा समुद्रकिनारा हे सारे येथे पायी हिंडण्याइतक्या अंतरात सापडते. मार्च ते जून या काळात येथील पक्षिजीवन सर्वात गजबजलेले असते.

पाहणाऱ्याला ही जागा आदिम, माणसाचा हात न लागलेली वाटते. प्रत्यक्षात तिचे आजचे रूप माणसाने घडवले आहे, आणि त्यातही पहिला घाव युद्धाचा आहे. बाराव्या शतकात या दलदलीत एक मठ उभारला गेला. पुढे तो आत, जमिनीच्या बाजूला हलवण्यात आला. एका लहान प्रार्थनामंदिराचे पडके अवशेष मात्र अजून उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात चर खणून दलदल उपसली गेली आणि तिथे गुरे चरू लागली. 1940 मध्ये जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरेल या भीतीने हा सखल भाग मुद्दाम पाण्याखाली सोडण्यात आला. रणगाडे अडवण्यासाठी ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे किनाऱ्यावर आजही दिसतात. रणगाडे आले नाहीत, बोरू मात्र माजला, आणि त्यामागोमाग पक्षी आले.

1947 च्या वसंतात येथे अ‍ॅव्होसेट या काळ्या-पांढऱ्या, वर वळलेल्या चोचीच्या पक्ष्याची चार जोडपी घरटी करताना आढळली. ब्रिटनमधून हा पक्षी वीण करणारा म्हणून सुमारे शंभर वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता, त्यामुळे ही घटना मोठी होती. पण पाणी बदलत गेले आणि पक्षी टिकले नाहीत. 1959 ते 1975 या काळात येथे वॉर्डन असलेल्या बर्ट अ‍ॅक्सेल यांनी 1962 पासून किनाऱ्यालगतची जमीन खरवडून उथळ तळी आणि त्यांत छोटी बेटे तयार करायला सुरुवात केली. याच भागाला ‘स्क्रेप’ म्हणतात. सरळ अर्थ ‘खरवड’, आणि नावात कसलीही शोभा नाही. पाणी किती खोल ठेवायचे, किती खारट ठेवायचे, केव्हा उतरवायचे हे दारे उघडून-मिटून ठरवले जाते. शेतकऱ्याने पाटाचे पाणी जपावे तसेच हे काम आहे. फरक इतकाच की येथील पीक म्हणजे चिखलातल्या अळ्या, किडे आणि कोलंबीसारखे बारीक जीव. 1963 मध्ये अ‍ॅव्होसेट परत आले.

स्क्रेपवरचा एप्रिल-मे म्हणजे नुसता कलकलाट. काळ्या डोक्याचे कुरव बेटांवर दाटीने अंडी घालतात, सुरय माशांसाठी पाण्यात सूर मारतात, टिटव्या हवेत गिरक्या घेतात. अ‍ॅव्होसेट चोच पाण्यात तिरकी धरून विळा चालवावा तशी डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. हा पक्षी दिसायला नाजूक, पण स्वभावाने भांडखोर आहे: पिलांच्या जवळ आलेल्या बदकालाही तो पळवून लावतो. मादी सहसा चार अंडी घालते आणि पिले अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत चिखलात स्वतः वेचू लागतात. म्हणूनच पाण्याची पातळी इतकी मोलाची. मे महिन्यात ती वाढली तर घरटी बुडतात, फार उतरली तर चिखल सुकून पिलांचे अन्न आटते आणि कोल्ह्याला बेटापर्यंत कोरडी वाट मिळते. कोल्हे व बिज्जू यांना रोखण्यासाठी स्क्रेपभोवती विजेचे कुंपणही घातले आहे. आरएसपीबीच्या बोधचिन्हावर अ‍ॅव्होसेटच आहे.

बोरूच्या बनाची गरज वेगळी. तिथला मानकरी बिटर्न, बगळ्याच्या कुळातला तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा पक्षी. चोच आभाळाकडे करून तो उभा राहिला की दहा पावलांवर असूनही बोरूतून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे त्याची शिरगणती डोळ्यांनी न करता कानांनी केली जाते. फेब्रुवारी अखेरपासून नर अन्ननलिकेत हवा भरून खोल घुमणारा आवाज काढतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा तो वाटतो. शांत पहाटे तो चार-पाच किलोमीटरवर ऐकू जातो. 1997 मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये असे घुमणारे केवळ 11 नर उरले होते. कारण साधे होते: बोरू दरवर्षी वाळतो, पडतो, त्याचा थर साचत जातो, तळ उंचावतो आणि मग विलोची झुडपे शिरतात. बोरूचे बन आपणहून रानाकडे सरकते. बिटर्नला मात्र पाण्यात उभा असलेला बोरू आणि त्यात मासे व ईल हवेत. मिन्समीरमध्ये बनाचे भाग खोल खणून पुन्हा ओले केले गेले, इतरत्रही तसेच झाले, आणि आता देशातील घुमणाऱ्या नरांची संख्या दोनशेच्या वर आहे.

मार्श हॅरियर, म्हणजे दलदली भोवत्या, याची कथा याहूनही थोडक्यात बचावल्याची. डीडीटीसारख्या कीटकनाशकांनी शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ केली आणि 1971 मध्ये ब्रिटनमध्ये वीण करणारे या पक्ष्याचे एकच जोडपे उरले, तेही मिन्समीरला. आज देशात शेकडो जोडपी आहेत. मार्चच्या स्वच्छ दिवशी नर उंच जाऊन कोलांट्या घेत खाली येतो. पुढे घरट्यावर बसलेल्या मादीसाठी तो भक्ष्य आणतो, पण घरट्यात उतरत नाही. मादी उठून त्याच्या खाली येते, तो भक्ष्य सोडतो आणि ती हवेत उलटी होऊन पंजांत झेलते. लपणात तासन् तास बसणाऱ्या माणसांची चहाची थर्मास या एका क्षणासाठी बाजूला पडते.

लहान पक्ष्यांत एप्रिल महिना आफ्रिकेहून परतणाऱ्यांचा. सेज वॉर्बलर आणि रीड वॉर्बलर बोरूत किरकिरत राहतात. रीड वॉर्बलरच्या घरट्यात अंडी घालायला कुकूही मागोमाग येतो. हा आपल्या कोकिळेचा कुळबंधू. परपोसाची खोड दोघांनाही आहे. सँड मार्टिन या भिंगऱ्या वाळूच्या उभ्या दरडीत बिळे करतात. रानाच्या कडेला नाइटिंगेल रात्रीही गातो. बिअर्डेड टिट मात्र वर्षभर येथेच असतो. नावात टिट असला तरी तो टिट नाही आणि त्याची दाढी म्हणजे खरे तर काळ्या मिशा आहेत. हिवाळ्यात तो बोरूचे बी खातो, वसंतात किड्यांवर येतो. 1947 चा भयंकर हिवाळा ब्रिटनमध्ये या जातीच्या मुळावरच आला होता. उघड्या पाण्यावर वारकरी दिसतो. होय, तोच, कपाळावर पांढरा टिळा असलेला. मराठी पक्षिनिरीक्षकाला तिथे ओळखीचा चेहरा भेटतो.

पक्ष्यांपलीकडे पाहणाऱ्यासाठी मार्च-एप्रिलमधील ऊन महत्त्वाचे. फुरशाच्या कुळातला अ‍ॅडर हा विषारी साप हिवाळी झोपेतून उठून पायवाटांच्या कडेला अंग शेकत पडतो. पाणमांजर पहाटे दिसले तर दिसते, पाणउंदीर चरांच्या काठी गवत कुरतडताना अधिक सापडतो. तळ्यांवर रात्री नॅटरजॅक भेकांचा खर्जातला कोरस चालतो. हे भेक येथे मुद्दाम आणून सोडलेले आहेत. मे महिन्यात चतुर उडू लागले की हॉबी हा ससाणा त्यांना पंजाने पकडून उडता उडताच खातो. लाल हरणे आणि बोरूची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी सोडलेले कोनिक जातीचे तट्टू हेही दिसतात. 2014 ते 2016 ही तीन वर्षे बीबीसीच्या ‘स्प्रिंगवॉच’ या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण येथूनच झाले, आणि येथील वसंत घरोघर पोहोचला.

समुद्र हाच मिन्समीरचा शेजारी आणि हाच त्याचा धोका. बोरूच्या गोड्या पाण्यात खारे पाणी मोठ्या प्रमाणात शिरले तर बिटर्नचे मासे आधी मरतील. किनारा झिजतो आहे, समुद्रपातळी वाढते आहे. दक्षिणेला लागूनच साइजवेलचे अणुऊर्जा केंद्र आहे. तेथील नव्या ‘साइजवेल सी’ प्रकल्पाला 2022 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, आणि आरएसपीबीने त्याला जाहीर विरोध केला होता.

वसंताची अखेर येथे नेमकी दाखवता येत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅव्होसेटची पिले अजून चिखलात असतात, तेव्हाच उत्तर स्कँडिनेव्हियातून स्पॉटेड रेडशँकच्या काळ्याभोर माद्या स्क्रेपवर उतरतात. अंडी घालून, ती उबवण्याचे काम नरावर सोपवून त्या दक्षिणेला निघालेल्या असतात.