शाळेत लेखक येतो तेव्हा: कोल्हापुरातली पार्श्वभूमी

शाळेत लेखकाला बोलवायचं ठरलं की पहिली धावपळ होते ती शाल, श्रीफळ आणि फ्लेक्सची. पुस्तकांची आठवण येते आदल्या दिवशी, तीही टेबलावर मांडायला चार प्रती हव्यात म्हणून. यात एखाद्या मुख्याध्यापकाचा आळस शोधण्यात अर्थ नाही. आपल्याकडे लेखक शाळेत शिरला तो स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा म्हणून, नाहीतर कथाकथन करणारा म्हणून. या दोन्ही कार्यक्रमांत मुलांनी आधी पुस्तक वाचलेलं असण्याची गरजच नव्हती. ती सवय अजून टिकून आहे.

व्याख्यानाची परंपरा सगळ्यांत जुनी. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि गावोगावी तिचं अनुकरण झालं. कोल्हापुरात त्याच्याही आधी, १८५० मध्ये, आजच्या करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात झाली होती. ग्रंथालय, त्याला लागून सभागृह आणि तिथं येणारा मोठ्या माणसांचा श्रोतृवर्ग हा साचा इथं पक्का बसला. शाळांनी पुढे तोच उचलला: प्रास्ताविक, परिचय, सत्कार, भाषण, आभार. मोठ्यांच्या सभेला तो शोभतो. सातवीच्या मुलांसमोर त्यातली पहिली तीन कलमं उरकेपर्यंतच पाऊण तास जातो.

कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण इथं लेखक पाहुणा म्हणून येण्याआधीच शाळा-कॉलेजात नोकरीला होता. राजाराम कॉलेजात ना. सी. फडके प्राध्यापक होते, माधव ज्यूलियनही होते. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवलं आणि मग ते कोल्हापुरात आले, ते कायमचेच. आजऱ्याचे शिवाजी सावंत राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि त्यांची गाजलेली कादंबरी १९६७ मध्ये आली ती त्याच नोकरीच्या काळात. जगदीश खेबुडकरही पेशानं शिक्षकच. त्या पिढ्यांतल्या कितीतरी विद्यार्थ्यांना लेखक म्हणजे हजेरी घेणारा, वह्या तपासणारा माणूस ठाऊक होता. त्याच्याशी बोलायला वेगळा कार्यक्रम लागत नसे. सोय मोठी होती, पण तिचा एक तोटाही झाला. बाहेरच्या लेखकाला कसं बोलवायचं, त्याच्यासाठी मुलांची काय तयारी करायची, याची रीत शाळांनी घालून घेतलीच नाही.

वाचकांचं म्हणाल तर संस्थानानं पाया चांगला घातला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. पुढे १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो, हे कोल्हापुरातही फार कमी जणांना माहीत असतं. चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो कायदा मागं पडला. महाराष्ट्राचा स्वतःचा ग्रंथालय कायदा यायला १९६७ उजाडलं. त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळालं. शाळांची ग्रंथालयं मात्र या व्यवस्थेबाहेर राहिली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना थोडी पुस्तकं मिळाली, आणि शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये प्रत्येक शाळेला ग्रंथालय असलंच पाहिजे, असं परिशिष्टात लिहिलं. ते बहुतेक ठिकाणी कपाटाच्या रूपात आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गुरुजी रजेवर गेले की ग्रंथालयही रजेवर.

दुसरी परंपरा कथाकथनाची, आणि ती जास्त रंगतदार. १९५० मध्ये साने गुरुजी गेले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावानं कथामाला सुरू केली आणि शाळांत आठवड्याला गोष्ट सांगण्याचा प्रघात पडला. साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील या तिघांनी कथाकथन थेट रंगमंचावर नेलं. यातले शंकर पाटील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे. त्यांची गोष्ट ऐकताना इथल्या श्रोत्याला आपल्याच पारावर बसल्यासारखं वाटायचं, कारण भाषा तीच होती. त्या यशानंतर जो तो लेखकाला ‘एखादी गोष्ट सांगा’ म्हणू लागला. पण प्रत्येक लेखकाला कथाकथन जमत नाही. लिहिणं एक आणि तीनशे पोरं तासभर हसती ठेवणं दुसरं. ज्यांना जमत नाही त्यांची शाळेत फजिती होते आणि मुलांचा ग्रह होतो की पुस्तक लिहिणारी माणसं कंटाळवाणी असतात. आणि ज्यांना जमतं त्यांच्या कार्यक्रमात पोरं पोट धरून हसतात, टाळ्या वाजवून घरी जातात. पुस्तकाचं काम कानांनीच करून टाकलेलं असतं.

‘बालभारती’ची, म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाची, स्थापना १९६७ ची. त्यांचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. पाठाच्या सुरुवातीला येणाऱ्या चौकटीत लेखकाचं नाव आणि कंसात जन्ममृत्यूची वर्षं असतात. मुलांच्या मनात लेखकाची पहिली ओळख ही. त्यातल्या बऱ्याच कंसांत दुसरं वर्षही भरलेलं असल्यामुळे पाचवी-सहावीच्या वर्गात ‘सर, लेखक जिवंत असतात?’ हा प्रश्न अगदी मनापासून विचारला जातो. त्यावर हसू नये. भेटीच्या तयारीचा आरंभ याच प्रश्नापासून करता येतो.

गप्पांची वाट कोल्हापुरात उशिरा आली आणि ती शिक्षणाच्या बाजूनं आली. फडक्यांच्या कन्या लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलानं प्रश्न विचारावा, अनुभवातून आणि परिसरातून शिकावं, हा त्या शाळेचा गाभा. सभागृहातल्या भाषणाच्या हे बरोबर उलट आहे. इथं बोलायची सुरुवात मुलाकडून होते. लेखकाच्या भेटीला हा विचार लावला की कार्यक्रमाची सगळी मांडणीच बदलते.

बदलते ती अशी. भेटीच्या निदान तीन आठवडे आधी पुस्तकं वर्गात आली पाहिजेत. चार मुलांमागे एक प्रत हे प्रमाण पुरतं. चाळीसच्या वर्गाला दहा प्रती, आणि मुलांसाठीची पातळ पुस्तकं पन्नास ते शंभर रुपयांत मिळत असल्यानं खर्च आवाक्यात राहतो. तेवढेही पैसे नसतील तर एकच प्रत घेऊन परिपाठानंतर रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचावी. लेखकानं ‘किशोर’मध्ये लिहिलं असेल तर जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर ठेवले आहेत, तिथून घेता येतं. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलानं एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, नाव न घालता. चिठ्ठ्या डब्यात. बाईंनी त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून पंधरा-वीस निवडायचे आणि ज्यानं त्यानं आपला ओळखून विचारायचा. पुस्तक वाचलं की नाही हे चिठ्ठ्यांवरून लगेच कळतं. न वाचलेल्या वर्गाचे प्रश्न ‘तुम्हाला कल्पना कुठून सुचतात’ आणि ‘तुमचा आवडता लेखक कोण’ याच्या पुढं जात नाहीत. वाचलेला वर्ग विचारतो, ‘कुत्रा मेला तेव्हा त्याला पुरलं कुठं, ते का लिहिलं नाही?’ असल्या प्रश्नाला लेखकही सावरून बसतो.

नेमकं इथं एक गोष्ट बिघडते. हुशार म्हणून ठरलेल्या तीन मुलांना प्रश्न पाठ करून दिले जातात. ती उभी राहून घडाघडा म्हणतात, उत्तराकडं लक्ष नसतं, आणि बाकीचे सदतीस जण समजून जातात की हा कार्यक्रम आपला नाही. दुसरा घोटाळा भाषेचा. आपल्याकडं मुलीही ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात. एखादी उठते आणि म्हणते, ‘ते वाचून मी लई रडलो.’ मागून बाई दुरुस्ती करतात, ‘रडले म्हण, रडले.’ पोरगी खाली बसते, आणि वर आलेले आणखी चार हात गुपचूप खाली जातात. व्याकरणाचा तास उद्याही घेता येतो.

जागेचंही बघावं लागतं. साठ ते ऐंशी मुलं, सतरंजीवर अर्धवर्तुळात, लेखक त्यांच्याच पातळीवर किंवा साध्या खुर्चीत. त्यापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन बैठका कराव्यात. सगळी शाळा मैदानात बसवली की मागच्या रांगांपर्यंत डोळा पोचत नाही आणि कार्यक्रम पुन्हा भाषणाकडं घसरतो. पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि वर पाऊस सुरू झाला की माईक असून नसल्यासारखाच. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या शाळांनी जुलै-ऑगस्टचा विचारच करू नये. पंचगंगेला पूर आला की शहराजवळच्या शाळांचंही तेच. २०१९ आणि २०२१ ला ते सगळ्यांनी पाहिलं.

वेळ दोन सलग तासिकांचा, म्हणजे सत्तरेक मिनिटं. दहा मिनिटं लेखकानं स्वतःच्या पुस्तकातलं वाचून दाखवावं. पंधरा मिनिटं ते कसं तयार झालं यावर, आणि इथं खाडाखोड केलेला कच्चा खर्डा आणला तर फार उपयोग होतो. पहिलं वाक्य चार वेळा खोडलेलं कागदावर दिसलं की शुद्धलेखनात लाल शेरे खाणाऱ्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो. पस्तीस मिनिटं प्रश्नांना, उरलेली सह्यांना. पहिली ते चौथीला यातलं निम्मंच. सत्कार शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर उरकावा. शाल कोणी घातली याच्याशी मुलांना देणंघेणं नसतं.

सह्यांच्या वेळी एक नाजूक भाग येतो. दारात पुस्तकविक्री मांडली की ज्यांच्या खिशात पैसे नसतात ती मुलं बाजूला उभी राहतात. त्यापेक्षा वर्गागणिक एका प्रतीवर सही घ्यावी, ती वर्गाच्या कपाटात जाते, आणि प्रत्येकाच्या वहीवर किंवा त्याच्या प्रश्नाच्या चिठ्ठीवर वेगळी सही. विक्री करायचीच असेल तर पालक सभेच्या दिवशी.

तारखांबाबत सरकारी दिवसांचा मोह होतो. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, आणि २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवस अडचणीचे. पहिला सत्र परीक्षा, नवरात्र आणि दिवाळी यांच्या कुठंतरी मध्ये सापडतो. दुसऱ्याच्या सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि परीक्षा केंद्र असलेल्या शाळेत मोकळी खोलीही मिळत नाही. शिवाय त्या एका दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक लेखकाला चार-चार शाळांचं बोलावणं असतं. मग तो एका शाळेत वीस मिनिटं बोलतो आणि दुसरीकडं पळतो. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ खरा मोकळा, त्यातून स्नेहसंमेलनाचा आठवडा वगळायचा. यातल्या नोव्हेंबरनंतरच्या महिन्यांत ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलंही आसपासच्या शाळांत असतात. त्यांच्यासाठी प्रती मोजताना पटावरच्या आकड्यावर न जाता वर्गात बसलेली डोकी मोजावीत.

मानधनाबद्दल फोनवरच बोलून घ्यावं. प्रमुख पाहुण्याच्या परंपरेतून आलेला हाही एक वारसा: पाहुण्याला पैसे विचारायचे कसे, म्हणून कोणी विषय काढत नाही आणि लेखक स्वतःच्या खर्चानं एसटीनं येऊन नारळ घेऊन परत जातो. प्रवासखर्च आणि ठरलेली रक्कम पाकिटात घालून, चहाच्या वेळीच द्यावी. रक्कम जमत नसेल तर एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, दोन-तीन शाळांनी मिळून एक दिवस ठरवावा. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, आणि प्रतींचा तोच संच आधीच्या महिन्यात शाळांतून फिरवता येतो.