‘किरकोळ’ अपडेटला चाचणी किती? १९९१ पासूनचा वाद

जून-जुलै १९९१ मध्ये वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग इथले लाखो फोन तासन्‌तास मुके झाले. सिग्नल योग्य दिशेला पाठवणारी यंत्रणा डीएससी कम्युनिकेशन्स या टेक्सासच्या कंपनीची होती. तिच्या लाखो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बदलल्या होत्या जेमतेम तीन ओळी. एरवी १३ आठवडे चालणारी चाचणी, बदल एवढासाच म्हणून, वगळली गेली. बदल किती मोठा यावर चाचणी ठरवायची, ही चूक तेव्हापासून उद्योगात मुरली आहे. खरं तर तो किती यंत्रांवर आणि किती खोलवर जाणार, हे आधी बघायला हवं.

अँटिव्हायरसवाल्यांची अडचण मात्र खरी होती. नवा व्हायरस आज आला, तर १३ आठवडे थांबणार कोण? म्हणून ‘कोड’ वेगळा आणि रोजची ‘माहिती’ (नव्या व्हायरसच्या खुणा) वेगळी, अशी विभागणी झाली. माहितीची तपासणी हलकी. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अशाच एका रोजच्या फाइलने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक बंद पडले. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. पुढच्याच वर्षी ते क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचे सहसंस्थापक झाले.

१९ जुलै २०२४ ला तिथेही तेच घडलं. भारतात सकाळचे नऊ एकोणचाळीस झाले होते. आलेल्या फाइलमधला नियम २१ वा रकाना तपासायला सांगत होता, पण सेन्सरच्या (ग्राहकाच्या मशिनवर बसवलेल्या कंपनीच्या प्रोग्रॅमच्या) कोडकडून मिळत होते २०च. नसलेला रकाना वाचायला गेलं की मशिन कोसळायचं. आधीच्या फाइलींमध्ये त्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं असल्यामुळे दोष दबून राहिला होता. फाइल तपासणारा प्रोग्रॅमही २१ रकाने येणारच असं धरून चालला. सेन्सरची आवृत्ती एक-दोन पावलं मागे ठेवण्याची सोय ग्राहकांना होती, ती या फाइलींना लागूच नव्हती. त्या टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे जात.

७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनं कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. बरीचशी मशिनं सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह) चालू करून एकेका मशिनवरची ती फाइल हाताने पुसावी लागली. त्यानंतर कुठे कंपनीने या फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या हे ठरवण्याची मुभा ग्राहकांना दिली.