सेवा वेगळी, नागरिक म्हणून काम वेगळं, किती वेळा सांगायचं

दर गणेशोत्सवात तेच. विसर्जनाला नाशिकच्या रामकुंडावर निर्माल्य गोळा करणाऱ्या पोरांचे फोटो फिरतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, "श्रद्धा असली की तरुण जबाबदार नागरिक होतात." आता 2027 चा कुंभ येतोय म्हणजे हे अजून वाढणार.

सेवा काय ते नाशिककरांना सांगायला नको. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघालेल्या दिंड्यांना चहा-फराळ, गुरुद्वारात लंगरची भांडी, रमजानमध्ये इफ्तार. कॉलेजात एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे 120 तास भरायला आलेला पोरगा हा तिसराच प्रकार, तो सोडा.

घोळ पुढे होतो. निर्माल्य उचललं, हात धुतले, घरी गेलो, काम संपलं. पण नाल्याचं पाणी वर्षभर गोदेत येतंच कसं, पैसा कुठे गेला, नगरसेवकाला कोण विचारणार, हे धरून बसणं म्हणजे नागरिक म्हणून काम, आणि ते केलं की भांडण येतं, कागद येतात, ओळखीचे लोक तोंड फिरवतात. सेवा करणाऱ्याला सगळे शाबासकी देतात, फरक ओळखायचा तो इथेच. गोदेतल्या कुंडांवरचं काँक्रीट काढा म्हणून काही नाशिककरांना हायकोर्टात जावं लागलं. आणि देवळाच्या दारात घडलं म्हणजे सेवा, असंही नाही हं. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी उभा केलेला, तिथे मागणी मंदिरप्रवेशाच्या हक्काची होती, दगड खाल्ले लोकांनी. दोन्ही करणारी माणसं विरळाच, गाडगेबाबांसारखी, दिवसा झाडू आणि रात्री कीर्तनात समोरच्यालाच उलटे प्रश्न.

बरं, सेवासुद्धा श्रद्धेमुळेच होते हे मला अर्धंच पटतं. अमेरिकेत रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये तीनेक हजार लोकांना विचारून पाहिलं, तर चर्चला जाणारे स्वयंसेवा जास्त करत होते, चर्चबाहेरची पण, मात्र कोण देवाला किती मानतो यावर ते ठरत नव्हतं, चर्चमध्ये दोस्त किती आहेत यावर ठरत होतं. आमच्या भाच्याचं तरी वेगळं काय आहे? आरतीचं दुसरं कडवं येत नाही त्याला, पण मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला की पहाटे पाचला घाटावर हजर.

त्याच ग्रुपवर मागे एकाने मतदार नोंदणीचा फॉर्म 6 टाकला, सात-आठ जणांनी लगेच भरला. मग भाच्याने लिहिलं, आपल्या प्रभागातल्या नाल्याची तक्रार सगळ्यांच्या सह्यांनी देऊ. दोन दिवस सगळे गप्प. तिसऱ्या दिवशी ॲडमिनचा मेसेज, "इथे राजकारण नको."