‘चेम्मीन’चा समुद्र आणि बंगाली चाल

‘चेम्मीन’ म्हणजे कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची या नावाची मल्याळम कादंबरी 1956 साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोळ्याची मुलगी करुत्तम्मा आणि मासळीचा छोटा मुसलमान व्यापारी परीकुट्टी यांची ही गोष्ट. घरच्या बाईचं पाऊल घसरलं तर दर्यात गेलेला नवरा परत येत नाही, कडलम्मा म्हणजे समुद्रमाता त्याला गिळते, ही किनाऱ्यावरची समजूत तिच्या मुळाशी आहे. (दोष बाईचा, शिक्षा नवऱ्याला, हिशेब मोठा सोयीचा.)

रामू कारियाट यांनी 1965 मध्ये त्यावर सिनेमा केला आणि संगीतासाठी थेट बंगाली संगीतकार सलील चौधरींना गाठलं. सलीलदांचा हा पहिलाच मल्याळम चित्रपट. मल्याळम सिनेमात तोवर हिंदी चाली सर्रास उचलल्या जात. त्याला 1954 च्या ‘नीलक्कुयिल’मध्ये के. राघवन यांनी मातीतल्या सुरांनी उत्तर दिलं होतं आणि त्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक कारियाटच होते. मग त्यांनी बंगाली माणूस का आणावा? सलीलदा ‘इप्टा’च्या, म्हणजे डाव्या विचारांच्या लोकनाट्य संघाच्या चळवळीत घडलेले, गीतकार वयलार रामवर्माही डाव्या चळवळीतले. नावाड्यांची, राबणाऱ्यांची गाणी दोघांनाही नवी नव्हती. संकलनाला हृषीकेश मुखर्जी होते. म्हणजे बिमल रॉय यांच्या मुंबईच्या गोटातले दोघे केरळच्या किनाऱ्यावर पोचले. छायालेखन मार्कस बार्टली यांचं.

‘कडलिनक्करे पोणोरे’ म्हणजे ‘समुद्रापल्याड जाणाऱ्यांनो’. ऐन पंचविशीतल्या येसुदासांनी गायलेल्या या गाण्यात वल्ह्याचा झोका आहे. ‘मानसमैने वरू’ मात्र मन्ना डेंच्या वाट्याला आलं. त्यांच्या पत्नी सुलोचना मूळच्या केरळातल्या कण्णूरच्या, उच्चार त्यांनीच घोटून घेतले असं सांगतात. तरी मल्याळी कानाला ते किंचित परके लागतातच. मला तो परकेपणा खटकत नाही. रात्री वाळूवर एकटा बसून ‘वरू’, म्हणजे ‘ये’, म्हणत राहणारा परीकुट्टीही त्या वस्तीत पुरता आपला कधी नसतोच. ‘वरू’ म्हणताना स्वर लांबतो आणि हाकेला ओ येत नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘चेम्मीन’ला मिळालं. दक्षिणेकडे ते पहिल्यांदाच जात होतं. सलीलदा मग मल्याळममध्ये वीसहून अधिक चित्रपट करत राहिले.